खिरीची पळी

बुद्धपौर्णिमा, संध्याकाळ. वडसा.

विहारात खीर वाटायची पळी दरवर्षी मिलिंद टेलरकडे असते. आज समितीचे अध्यक्ष म्हणाले, "त्याले नको. बायायसारखा बोलते, हात नाचवते. असा माणूस लेकरायमंदी काऊन ठेवाचा?" आणि पळी माझ्या हाती दिली. मला मिशा आहेत, मी ट्रक चालवतो.

मिलिंदचा जीव त्याच्या बायकोवर. पुरुष आवडतात ते मला. तेव्हाच बोलायला काय झालं होतं? पळी घेतली.

ज्यांच्या आज्याच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांनीच आज हात पारखले. माझ्या हातची खीर मागून मागून खाल्ली.

शेवटी मिलिंदही वाटी घेऊन रांगेत आला. पळीकडे बघत हळूच म्हणाला, "भाऊ, माह्यं काई चुकलं का?"

मी त्याला खीर जास्त वाढली.