आधी क्लच, मग टर्बो

१४ नोव्हेंबर, रविवार

जावईबापूंना सप्रेम नमस्कार,

इकडे सगळं ठीक. तुमच्या सासूबाईंचा गुडघा कधी दुखतो, कधी नाही. दुखत नसला की त्या जिन्यात येऊन मला हाका मारतात, दुखत असला की पलंगावरून मारतात, तेव्हा माझ्या बाजूने फरक काही नाही. तुमची तब्येत बरी असेल आणि नव्या जागेत बस्तान बसलं असेल असं धरून चालतो.

पत्राचं कारण आपली रविवारची गाडी. फोन करणार होतो, पण टर्बोचं बोलणं फोनवर नीट होत नाही. शिवाय तुम्ही फोन उचलला नसता तर मला वाईट वाटलं असतं, आणि उचलला असता तर काय बोलावं हे सुचलं नसतं.

तुमचा अंदाज खरा ठरला. निळा धूर टर्बोचाच होता. मी तो एकट्याने उतरवला, एक नट गंजून बसला होता त्याने हाताची साल काढली. मग तुम्ही शिकवलंत तसा दांडा दोन बोटांत धरून बघितला. आडवा जरासा हलला तर चालतं, आत-बाहेर हलता कामा नये. आपला आत-बाहेर हलतो, पडायला आलेल्या दातासारखा. म्हणजे नवा आणणं आलंच. आणायचाच तर थोडी ताकद वाढवणारा आणावा, हे आपलं जुनंच ठरलेलं.

जुन्या पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार तेच, ज्यांना तुम्ही प्रोफेसर म्हणता. त्यांनी तीन टर्बो समोर मांडले. पहिला कोरा करकरीत, खोक्यातला, सगळ्यात स्वस्त. कोणी बनवला ते खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही, आणि बाप लपवणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास नाही. दुसरा एका आपटलेल्या शर्यतीच्या गाडीचा, चांगला नारळाएवढा. तुम्ही असता तर लगेच कडेवर घेतला असता. तिसरा दिसायला अगदी आपल्या जुन्यासारखा. कवच तेच, पण आतलं हवा ओढणारं चाक थोडं मोठं बसवलेलं, नवे बेअरिंग, सगळं तोलून दिलेलं. आपल्याच बोल्टांवर बसतो, काही कापावं-जोडावं लागत नाही.

माझं मत तिसऱ्याला. मोठा टर्बो फिरायला वेळ घेतो. पाय दाबला की आधी काहीच नाही, आणि आपण विसरून गेलो की पाठीत लाथ. मला या वयात अशी थट्टा नको. दुसरं म्हणजे, आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. कोणी मोठी मोटर बसवा म्हणून आलं, की आम्ही मोटर सोडून बाकी सगळं आधी बघायचो. दोर, ब्रेक, खालचे रूळ. इथेही तसंच दिसतं. जास्त ताकद आली की आपला क्लच घसरणार, तेव्हा तो पहिला. तेलाची नळी नवी, कारण जुनीत काजळी धरलीये आणि तेल पोचलं नाही तर नवा टर्बोही महिनाभरात दात दाखवील. पुढचे ब्रेक. मग हवा थंड करायला इंटरकूलर. पेट्रोल जास्त लागेल म्हणून इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्युटर लावून इंजिनाची जुळवणी, ती तुमची विद्या. नारळ घेतला तर पैसे नारळातच संपतील आणि गाडी आणखी दोन वर्षं चाकं काढून स्टँडवर. तिसऱ्यात हे सगळं बसतं.

तर मी म्हटलं, हा द्या बांधून. प्रोफेसर देईनात. म्हणाले, जावयांनी बघितल्याशिवाय नाही. मागचा इंटरकूलर मी एकटा जाऊन भलताच मोठा घेऊन आलो होतो ना, तो अजून त्यांच्या लक्षात आहे. बंपर कापून बसवणार की घर पाडून, असं त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं. मी सांगितलं, जावई बाहेरगावी आहेत.

पुन्हा गेलो तर म्हणाले, अजून बाहेरगावीच? त्यानंतर गेलो तेव्हा मात्र खोटं जिभेवर आलं नाही. सांगून टाकलं, की ते आता जावई राहिले नाहीत. प्रोफेसरांनी हातातला टर्बो फडक्याने बराच वेळ पुसला. आधीच स्वच्छ होता तो. मग म्हणाले, "काका, नात्याचं तुमचं तुम्ही बघा. पण टर्बो बघायला त्यांनाच आणा."

वर सवयीने जावईबापू लिहून गेलो आहे. लक्षात आलं, पण खोडलं नाही.

गैरसमज नको. मी मध्यस्थी करायला लिहीत नाही. तुम्ही दोघांनी जे ठरवलं ते शहाण्यासारखं ठरवलं, शांतपणे, आवाज न चढवता. एखादं भांडण आमच्या कानावर आलं असतं तर आम्हा म्हाताऱ्यांना बाजू तरी घेता आली असती. कोर्टाच्या व्हरांड्यात तुम्ही उठून मला बाकावर जागा दिलीत. मी बसलो. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहिलात, आणि आपण दोघं समोरच्या भिंतीवरच्या सूचना वाचत राहिलो. मला त्यातली एकही आठवत नाही.

मुलीचं लग्न मोडलं याचं दुःख मला मोकळेपणाने करता येतं. लोक घरी येतात, विचारपूस करतात. माझा रविवार गेला, हे कोणाला सांगायचं? सांगितलं तर लेकीपेक्षा याला गाडीचीच पडलीये, असं म्हणतील.

लेक इथेच आहे, वरच्या खोलीत. तिच्या खिडकीतून गॅरेज दिसतं. मध्यंतरी ती म्हणाली, बाबा, ती गाडी विकून टाका. मी लगेच हो म्हटलं. तिच्या जिवाला त्रास होईल असं दारात काही ठेवायचं नव्हतं. एक जण बघूनही गेला. पार्टसाठी घेतो म्हणाला. बॉनेटवर थाप मारून बोलत होता, गुराच्या पाठीवर मारतात तशी. मी दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी तिला सरळच विचारलं, की ही गाडी तुझ्या डोळ्यांत खुपते का?

"गाडी नाही खुपत. तुम्ही तिच्याशेजारी स्टूल टाकून नुसते बसून राहता, ते खुपतं."

मी म्हटलं, मग काय करू? तिने कप बाजूला सारला.

"त्याला लिहा. पण तुमच्यासाठी लिहा, माझ्यासाठी नको. माझा निरोप नाही, माझी खुशाली नाही. मी रविवारी सकाळी मैत्रिणीकडे जात जाईन, सुरुवातीला तरी."

म्हणून तिची खुशाली या पत्रात नाही. शब्द दिलाय.

गाडी घेणाऱ्याला काल नाही म्हणून सांगून आलो. तुम्ही याल असं गृहीत धरून नाही. नाही आलात तर मी एकटा करीन. क्लच कसा बसवायचा ते प्रोफेसरांना विचारीन, ते चार लोकांसमोर हसतील, मी ऐकून घेईन. कदाचित तुमचे रविवार आता दुसऱ्या कोणाचे असतील. तसं असेल तर मला आनंदच होईल. फार होणार नाही, पण होईल. तेवढी एक ओळ कळवा म्हणजे मी वाट बघायचा थांबेन.

सासूबाई पाठीमागे उभ्या राहून वाचतायत. म्हणतात, अहो, एवढं टर्बो-टर्बो काय लावलंय, करमत नाही म्हणून लिहा की सरळ. त्यांना सांगितलं, की क्लचचं आधी लिहिणं भाग होतं.

करमत नाही.

तिसराच टर्बो घ्यावा असं मला वाटतं. तुम्हाला नारळच हवा असेल तर येऊन माझ्याशी भांडा.

तुमचा, कोर्टाला न विचारता,
बाबा