बिनक्लचची

४ फेब्रुवारी, मंगळवार

आणली! विचारलं नाही, सांगितलं नाही, थेट दारात आणून उभी केली. लांबलचक, करड्या रंगाची, पोट जमिनीला टेकलेलं. मला वाटलं कुणाचा पाहुणा आला. तर आतून हेच उतरले. म्हणाले, "आपली."

मी लॉन्ड्रीतली चादर पिळत होते. तशीच पिळत राहिले. चादरीच्या जागी मनात कुणाची मान होती ते देवाला ठाऊक!

एकतीस वर्षं बस चालवली ह्या माणसाने. बिनगियरच्या गाडीला जन्मभर नावं ठेवली. "ती गाडी नव्हे, पाळणा आहे पाळणा! क्लच नाही तर ड्रायव्हर कशाला?" आणि आता स्वतः पाळणा आणला. गेल्या वर्षी दोन वर्षं बाकी असताना नोकरी सोडली, का तर म्हणे कंटाळा आला. मी सव्वीस वर्षं लोकांच्या चादरी धुतेय, मला नाही आला कंटाळा!

गाडीबरोबर शोरूमने ही डायरी फुकट दिली. गाडी ह्यांची, डायरी माझी. चौथीपर्यंतच शिकले पण लिहायला येतं. इतके दिवस फक्त चादरीवर डाग कुठे आणि बटण कुठलं तुटलं तेवढंच लिहीत होते.

५ फेब्रुवारी

फिरून आलो. मागे बसले होते, पुढे बसायला बोलावलं तरी गेले नाही. राग म्हणजे राग.

"टर्बो आहे," म्हणाले. म्हणजे काय? तर इंजिन आपल्याच धुराच्या जोरावर जास्तीची हवा आत घेतं. हात्तिच्या! फुंकणीच की! चुलीत फुंकलं की जाळ वाढतो, तसं. एवढ्यासाठी एवढं मोठं नाव.

पाय दिला की लगेच पळत नाही. आधी विचार करते. आपण म्हणतो, मेली वाटतं. आणि मग अशी उसळते की पाठ सीटला चिकटते. सेम आमचे हे. सकाळी काही विचारलं की गप्प, दुपारी एकदम अंगावर येतात.

६ फेब्रुवारी

लॉजच्या चादरी पोचवायच्या होत्या. डिकीत मावेल तेवढं भरलं. डिकी मात्र दांडगी आहे, चौदा गाठोडी गेली! पंधरावं पुढच्या सीटवर ठेवलं. गाडी लागली ओरडायला. टिंग टिंग टिंग. हे म्हणाले, "तिला वाटतंय माणूस बसलाय. पट्टा नाही लावला म्हणून ओरडतेय."

शेवटी गाठोड्याला पट्टा बांधला. लॉजचा मॅनेजर दारात उभा राहून बघत होता. त्याला म्हटलं, "बघता काय? पाहुणे आहेत आमचे."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आता नवीन खूळ. म्हणे, मी चालवायला शिकायचं!

पोरीचे दिवस मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भरतात. ती एकशे साठ किलोमीटरवर. पहिलंच बाळंतपण. रोज फोनवर एकच — "आई, तू हवीस हं. नर्स नको, सासू नको, तू." मी शब्द दिलाय. मी म्हटलं, "तुम्ही न्याल की मला. एकतीस वर्षं कशाला चालवली बस?"

"नेईन. पण तू शीक."

"मला वेळ नाही."

"मी नाव घालून आलोय."

घालून आलोय! दोन बटणं न लावता शर्ट घालणारा माणूस, माझं नाव घालून आला!

१२ फेब्रुवारी

आज हसून हसून पोट दुखलं.

सकाळी ह्यांनी मला लॉन्ड्रीत सोडलं आणि पेट्रोल भरायला पुढे गेले. किल्ली माझ्या पिशवीत! ह्या गाडीला किल्ली लावावी लागत नाही, नुसती जवळ असली की पुरे, बटण दाबायचं. मी उतरले तेव्हा ती टिंग टिंग ओरडली होती म्हणे. पण ती कशालाही ओरडते. कोण लक्ष देतो! पंपावर इंजिन बंद केलं आणि मग हवं तेवढं बटण दाबा. ढिम्म.

आले चालत. पंधरा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास! रिटायर झाल्यापासून पाय ओढत चालायची सवय लागलीय. म्हटलं, "कासवाशी शर्यत होती का?" आणि बघते तर एकाच पायात चप्पल! डावा पाय उघडा, धुळीने माखलेला, आणि ह्यांना पत्ताच नाही! मी बोट दाखवलं तेव्हा खाली बघितलं. म्हणाले, "अरे हो, तुटली."

इस्त्रीवाल्या दोघी पण खदाखदा हसल्या. हे हसले नाहीत. किल्ली घेतली आणि गेले.

१४ फेब्रुवारी

पंपावरच्या बाईने चप्पल आणून दिली. रस्त्यात सापडली म्हणे. धडधाकट आहे! कुठे तुटलीय? माणसाने खोटं बोलावं, पण चपलेवरून?

१७ फेब्रुवारी, सोमवार

कच्चं लायसन्स झालं. पास!

कॉम्प्युटरवर चित्रं दाखवतात, खाली तीन उत्तरं, आणि घड्याळ पळत असतं. मी वाचेपर्यंत दोन गेली. मग वाचलंच नाही. चित्र बघितलं, अक्कल लावली. माझ्या पुढचा चष्मेवाला, कॉलेज शिकलेला, नापास. तोंड बघण्यासारखं झालं होतं.

१८ फेब्रुवारी

शिकवणीची मास्तरीण माझ्याहून बारीक, आवाज मात्र भोंग्यासारखा. मला तशी माणसं आवडतात. शिकवायची गाडी पण बिनक्लचचीच.

दांड्याजवळ चार इंग्रजी अक्षरं. मी अशी पाठ केली — पी म्हणजे पडून राहा. आर म्हणजे रिव्हर्स. एन म्हणजे निवांत. डी म्हणजे दामट! मास्तरीण म्हणाली, "हे मी आता सगळ्यांना शिकवणार."

२० फेब्रुवारी

घरच्या गाडीवर पहिल्यांदा. हे बाजूला. सिग्नलला थांबले आणि इंजिन बंद पडलं. मेलं! मी दार उघडून खाली उतरायला लागले. हे ओरडले, "अगं बस! पेट्रोल वाचवायला ती आपली आपण बंद होते!" मागे भोंगेच भोंगे. ब्रेकवरचा पाय काढला तर लागली चालू व्हायला.

एवढी काटकसर आहे तर मग त्या फुंकणीला घटाघटा पेट्रोल कशाला पाजता? एकीकडे उपास, एकीकडे पंगत.

गतिरोधकावर पोट घासलं. खर्रर्र. 

खरं सांगायचं तर — हे ह्यांना सांगणार नाही — मोकळ्या रस्त्यावर ती उसळली तेव्हा मी हसले. मोठ्याने.

२३ फेब्रुवारी, रविवार

जावईबापू गाडी बघायला आले. पोरीला डॉक्टरने प्रवास नको सांगितलाय, म्हणून एकटेच. म्हणाले, "सासूबाई, एक चक्कर मारतो, बसा मागे." बसले. चूक केली.

गाडी निघाली, आणि धाडकन थांबली! माझं कपाळ पुढच्या सीटवर. "सॉरी सासूबाई!" परत निघाली, परत धाडकन! कोपऱ्यापर्यंत चार वेळा. शेवटी मी म्हटलं, "जावईबापू, काही राग असेल तर तोंडाने बोला."

बिचारे घामाघूम. तोंडाला यायचं तेवढं आलं, गिळलं. जावई आहे.

२५ फेब्रुवारी

मास्तरणीला सांगितलं तर ती फिस्सकन हसली. म्हणाली, "सगळ्यांचं होतं काकू. गियरची गाडी चालवलेला माणूस बिनक्लचच्या गाडीत बसला की डावा पाय आपसूक क्लच शोधतो. क्लच नसतो, मग पडतो ब्रेकवर. जेवढा जुना ड्रायव्हर तेवढा वाईट. ट्रकवाले महिना महिना डाव्या पायाला दटावत असतात. तुमच्या डाव्या पायाला काहीच येत नाही, म्हणून तुम्ही लवकर शिकलात."

म्हणजे अडाणी असण्याचा पहिल्यांदा फायदा झाला!

आणि मग माझ्या लक्षात आलं — आमच्या ह्यांनी असा धक्का एकदाही दिला नाही! पहिल्या दिवसापासून एकदाही नाही. गाडी लोण्यासारखी. मी मास्तरणीला तसं सांगितलं. तिने भुवया वर केल्या. "एकतीस वर्षं बस? आणि एकदाही नाही? कमाल आहे."

"मग! नवरा कुणाचा आहे?" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा बढाई मारली ह्यांच्या नावाने.

घरी येऊन ह्यांनाही सांगितलं. कधी नव्हे ते कौतुक केलं. वाटलं फुगतील. तर उठले आणि पुसलेली काच परत पुसायला गेले. ह्या माणसाला शिव्या पचतात, कौतुक पचत नाही.

२ मार्च

पार्किंग. तीनदा आर, चारदा डी, एकदा रडू. मागचं दाखवायला पडदा आहे, त्यात लाल रेघा. मी रेघांकडे बघू की भिंतीकडे? हे शांत. पूर्वी इस्त्री थोडी कडक झाली तरी ओरडायचे. आता मी भिंतीला टेकवली तरी, "परत घे. वेळ आहे."

काय झालंय ह्यांना?

९ मार्च, रविवार

पोचले!!

सकाळी सहाला जावयांचा फोन. कळा सुरू झाल्या. मी पिशवी उचलली, गाडीत बाजूच्या सीटवर जाऊन बसले. हे येऊन माझ्याच दाराशी उभे. "तिकडे बस. तू चालव."

"वेड लागलंय का? तिकडे पोर अडलीय आणि तुम्हाला शिकवणी सुचतेय?"

"तू चालव."

"एकशे साठ किलोमीटर! मी? आज?"

"मी बाजूला आहे."

अंगणात उभं राहून मी काय काय बोलले ते लिहीत नाही. गेल्या वर्षापासूनचं सगळं काढलं. कामचुकार म्हटलं. कंटाळ्याला नोकरी सोडणारा, आता लेकीच्या बाळंतपणाला पण कंटाळलात का, म्हटलं. ऐकून घेतलं. हलले नाहीत. शेवटी रागारागाने मीच स्टिअरिंगवर बसले. तिकडे पोर वाट बघत होती, भांडायला वेळ नव्हता.

पहिले वीस किलोमीटर स्टिअरिंग चादरीसारखं पिळत चालवली. मग एका ट्रकमागे अडकले. हे म्हणाले, "आरसा बघ. रस्ता मोकळा आहे. दे पाय." दिला. तिने विचार केला — मेली आताही विचार! — आणि मग अशी निघाली! ट्रक मागे. मी ओरडले, "दामट!" हे हसले. किती महिन्यांनी हसले.

वाटेत फक्त एकदा भोंगा खाल्ला आणि दोनदा पोट घासलं. सव्वानऊला दवाखान्यात. पोरीने माझा हात असा धरला की बांगडी रुतली. साडेअकराला नात झाली. काळीभोर, माझ्यासारखी चिडकी. जावई सगळ्यांना सांगत होते, "सासूबाईंनी गाडी आणली! स्वतः!"

मी पण तसं दाखवलं, त्यात काय एवढं. पण किल्ली अजून मुठीतून सोडली नाहीये.

१० मार्च

दवाखान्यातल्या बाकावर हे बसले होते, मांडीवर नात. मी बाजूला टेकले तर माझी टाच ह्यांच्या डाव्या पायावर पडली. सगळा भार. मी दचकले. हे नातीशी बोलतच होते. मग मी मुद्दाम दाबली. चांगली जोरात. काही नाही. तिची बोटं मोजत होते.

ब्रेकवर चुकून पडायला सुद्धा तो पाय आपसूक उठावा लागतो.

मी हळूच विचारलं, "बसमध्येच झालं का?" नातीवरची नजर न काढता म्हणाले, "क्लच दाबला असं वाटलं. पाय तिथे नव्हताच. मागे चाळीस माणसं होती. त्या दिवशी राजीनामा दिला." मग म्हणाले, "उजवा अजून चांगला आहे. पण किती दिवस, डॉक्टर सांगत नाही. म्हणून तू."

पोरीला अजून सांगायचं नाही. उद्या परत निघू तेव्हा चालवणार मी. आधी डॉक्टरकडे, मग घरी. ओरडायचं ते सगळं वाटेत ओरडेन. आणि चपला आज संध्याकाळीच आणते. मागे पट्टा असलेल्या.