रापणीचा वाटा

नम्रता,

यंदा शिवांगीच्या बारशाची धावपळ, त्यात शाळेच्या ग्रुपवरचा निरोप तू वाचला नसशील. मी अक्षरं लावत वाचला. बाईंनी लिहिलंय, मुलांना किनाऱ्याच्या वाटेने पाठवू नका, रापणीच्या दोरीला हात लावू देऊ नका, सोबत मोठं माणूस द्या.

म्हणून गौरजाला मी रस्त्याने नेतेय. पाय दुखतात, सावकाश येईन. पेज टोपात झाकली आहे. बाळ झोपलंय तोवर तूही पड.

गौरजा रुसली आहे. म्हणते, "गो आजये, दोरी वडली की वाटो गावता. आई तर काय बोलणा नाय!"

तिचं खोटं नाही. रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढायला हात लावला की लहानथोर प्रत्येकाला मासे मिळतात. तिने पिशवीतून बांगडे आणले की आपण कौतुकाने तळतो. काल तूच म्हणालीस, "माई, माजा चेडू कमवूक लागला!" मग ती कशी थांबेल?

यापुढे तिने आणलेले मासे शिजवू नकोस. रडली तरी ते मासे परत पाठव. मला आता समजावत बसायचं बळ नाही.

जाळं जवळ आलं की पोरं दोरीबरोबर पाण्यात शिरतात आणि मोठी माणसं मासे बघत असतात. माझा धाकटा भाऊ शिवा तसाच लाटेत गेला. तिसरीत होता. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, कोजागिरीच्या सकाळी तो वारला.