मुंबईच्या टेपेत आमचा भोंगा

रविवार, दिवेलागण. कसबा बावडा.

हसून पोट दुखतंय, आणि त्या जाणकार माणसांची कीवबी येतीया. आमच्या ह्यांनी जन्मात एकाच पिक्चरला विजेच्या पेटीवर, त्या सिंथेसायझरवर, संगीत दिलं. पिक्चर पडला, पिक्चरच्या शेठनं रेकॉर्ड अडवली, पुढं कॅसेट काढली ती आपल्या मेव्हण्याच्या नावानं! हे गेले, तरी नाव न्हाय ते न्हायच.

आता पुण्याचं पावणं ती रेकॉर्ड नव्यानं काढणार, म्हणून संगीत कुणाचं ते आज विचारायला आलं. शेठचा पोरगा सांगतोय म्हणं, मामानं मुंबईच्या स्टुडिओत वाजवलं. मामाला पिपाणी तरी वाजवता येत होती काय!

पावण्यांनी टेप लावली. मधीच भोंगा.

"आजी, हा आवाज कुठल्या मशीनचा? जाणकार वेडे झालेत यावर."

"कसलं जाणकार, बाबा! आमच्या साखर कारखान्याचा भोंगा हाय त्यो. हे ह्याच खोलीत वाजवत बसलेलं आणि मी खिडकी लावायची इसरले. लई बोलणी खाल्ली तवा."

पावण्यांनी टेप मागं घेऊन परत लावली. तेवढ्यात चारचा भोंगा झाला. तस्साच! पावण्यांनी कागदावरचं मेव्हण्याचं नाव खोडलं आणि ह्यांचं विचारलं. तोंडानं मी कधी घेतलं न्हाय, म्हणून लिहूनच दिलं. चांगलं मोठ्ठं.

मुंबईत वाजवलं म्हणं. खुळी कुठली!