शेजारचा खराटा

अतिऊ,
मंगळवार, १२ ऑगस्ट

मोएरोआ पोरी,

नाही, मी सभेत बोलणार नाही. कुणी विचारलं नाहीये अजून, पण नूरोआच्या तोंडावर दिसतंय. शेजारच्या गावची माणसं आपली खराट्याची योजना बघायला यायचीत, त्यांच्यासाठी सभा आहे. तुम्ही सगळे ऑकलंडला, इथं आम्ही म्हातारे. म्हणून सकाळी जो तो आपलं अंगण झाडतो नि समितीचा नूरोआ रस्त्यावरून ऐकत जातो. खराटा वाजला म्हणजे माणूस धड आहे; आवाज नाही आला तरच आत शिरतो.

मी बरी आहे. गुडघे आहेत तसेच. तू पाठवलेले मांसाचे डबे पोचले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, मावशी, तुम्ही शेजारी होतात म्हणून आईची काळजी नव्हती. चिठ्ठी उलटी करून ठेवली.

ईस्टरनंतर तुझ्या आईची कंबर गेली. खराटा उचलवेना. मी म्हटलं, "तेकुरा, पोरीला कळव."

"कळवते की. म्हणजे विमानात घालून नेईल नि भिंती बघत बसवील. तूच झाड, आकाइती. तुझं झाडणं गचाळ आहे, पण नूरोआ कुठं डोकावतोय."

मग मीच झाडायची. आधी तिचं, मग माझं. जास्वंदीच्या कुंपणाबाहेरून नूरोआ ओरडायचा, "तेकुरामावशी, आज जोरात." ती आत हसायची, मी बाहेर.

एका बुधवारी आमचं बिनसलं. "कोपरे सोडतेस," म्हणाली. मी म्हटलं, "मग ये उठून." गुरुवारी झाडलं, आत गेले नाही. शुक्रवारीही तसंच. नूरोआ दोन्ही दिवस ऐकून पुढं गेला. शनिवारी दार ढकललं तर ती चुलीपाशी जमिनीवर. नर्स म्हणाली, गुरुवारपासून पडून असणार. झोपेत गेली, असं तुला कळवलं ते मीच.

हल्ली सकाळी तुमच्या अंगणातून खराटा ऐकू येतो. जाऊन बघते. पाचोळा तसाच पडलेला.

आज नूरोआला म्हटलं, नुसतं ऐकू नकोस, आत जाऊन तोंड बघत जा. "का गं?" म्हणाला. घरी येऊन हे लिहायला बसले. आधी तुला कळायला हवं.

गुरुवारी आतून ठकठक आली होती. मला वाटलं, रागानं भांडी आपटतेय. मी आणखी जोरात झाडलं.

शुक्रवारी आली होती का, ते विचारू नकोस. सांगणार नाही.

आकाइती