लोट्याचा घाम

ती. मायला,

हैदराबादेहून तुझ्या पायांना हात लावते. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

मी इथे करते काय, असं तू विचारलं होतंस. डीएनएचे तुकडे यंत्रात माळेसारखे ओवतात. त्या माळेचे मणी म्हणजे एक पांढरी भुकटी. ती मी बनवते. तिचं नाव फॉस्फोरामिडाइट, पण ते तू विसरून जा. मणी नीट बसला की गडद नारिंगी रंग उतरतो.

मागच्या महिन्यात रंग फिका आला. फ्रीजमधली गार बाटली मीच घाईत उघडली होती, आत ओलावा गेला. मी साहेबांना स्वतःहून सांगितलं. ते म्हणाले, "आणखी एकदा बघू. नाहीतर दुसऱ्या विभागात जा." तुला कळवलं नाही. जेवण मात्र वेळेवर करत होते.

मग गार पाण्याच्या लोट्यावरून तुझं ओरडणं आठवलं: "लोट्याले घाम आला, दिसत नाही का वं? पिठाजवळ काहून नेऊन राहिली?"

यावेळी बाटली तासभर बाहेर ठेवली. तिचा घाम सुकल्यावरच झाकण उघडलं. काल रंग उतरला तो आपल्या बांधावरच्या पळसासारखा! साहेब म्हणाले, "इथेच राहा."

तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं का? शेजारच्या भूपेंद्रला आंधळगावहून आणायला सांग.

फ्रीजवर मी मराठीत चिठ्ठी लावली आहे, 'घाम सुकल्याशिवाय उघडू नये.' इथल्या तेलुगू पोरी विचारतात, हे काय? मी सांगते, माझ्या मायचा नियम आहे.

तुझीच,
गुड्डी