स्वच्छ लेदर चमकत नाही

४ मार्च

शेवटी अप्पा बोलले. जेवताना, ताटाकडे बघत, माझ्याबद्दल. “या खेपेचं सामान ती निवडेल.”

दादाचा घास हातातच राहिला. वहिनीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पाणी वाढायला उठली. कुणाचाही पेला रिकामा नव्हता.

गाड्या भाड्याने देणारी ती मोठी कंपनी आपल्या सगळ्या गाड्यांचं पॉलिश आणि आतल्या लेदर सीटची निगा एकाच दुकानाकडे सोपवणार आहे. आधी एक गाडी नमुन्यादाखल करून दाखवायची. साहेब स्वतः येऊन बघणार, आणि मग ठरवणार. हे काम मिळालं तर अप्पांची बादली सुटेल. आयुष्यभर गाड्या धुऊन त्यांची कंबर आता वाकते तेवढी, सरळ व्हायचं नाव घेत नाही.

दादा म्हणाला, डिग्रीने गाडी चमकते का ते एकदा बघूच.

बघ ना. डोळे उघडे ठेवून बघ!

५ मार्च

आमच्या गाड्या धुण्याच्या दुकानातलं कपाट रिकामं केलं. काय काय निघालं! भांडी घासायचा साबण — गाडीच्या रंगावर. बुटांचा ब्रश — सीटवर. दादाचं फाटकं बनियन — पॉलिश पुसायला, शिवणीसकट. ती शिवण रंगावर कशी चरे पाडते हे त्याला दाखवलं. म्हणाला, गिऱ्हाईक काय भिंग घेऊन येतं का?

आणि शायनरचा डबा. कपाटातली ही एकच वस्तू अर्धी संपलेली आणि झाकण घासूनपुसून ठेवलेली. डॅशबोर्डला शायनर, टायरला शायनर, सीटला शायनर. दादा डॉक्टर असता तर पडशाला आणि मोडलेल्या पायाला एकच मलम चोपडलं असतं. वर पेशंटला आरसा दाखवून विचारलं असतं, बघा, चकाकताय की नाही?

मी समजावून सांगितलं. शायनरमध्ये सिलिकॉन असतं. ते लेदरवर नुसतं बसून राहतं. धूळ धरतं, चिकट होतं. चांगलं, स्वच्छ लेदर चमकतच नाही. ते मऊ आणि मंद दिसतं. मंद दिसणं हीच स्वच्छतेची खूण.

दादाने मन लावून ऐकलं आणि जांभई दिली.

७ मार्च

पॉलिश विकणारा सॅम्पलवाला आला. तीन वर्षं रसायनशास्त्र शिकले ते या माणसाशी बोलायला? गळ्यात टाय, अंगाला त्याच्याच मेणाचा वास.

“मॅडम, यात नॅनो आहे.”

मी विचारलं, नॅनो काय?

“नॅनो म्हणजे नॅनोच, मॅडम.”

आम्लता विचारली. त्याला वाटलं मी पोटाबद्दल विचारतेय. मग त्याने मशीनला लावायचे स्पंजाचे पॅड मांडले — पिवळे, काळे, गुलाबी — आणि गुलाबी माझ्याकडे सरकवला. लेडीजच्या हाताला हा हलका पडतो म्हणे! कोणता पॅड ओरखडे घालवायचा आणि कोणता शेवटचा हात फिरवायचा, एवढंच मला हवं होतं. त्याने गालावरून पॅड फिरवून मऊपणा दाखवला. भाव मात्र सगळे दादाला सांगितले. मी तिथेच, दोघांच्या मधोमध उभी होते.

त्याच्याकडून काही घेतलं नाही. जाताना दादाला हळूच म्हणाला, बहीण हुशार आहे, जरा जपून. दोघे हसले. पुरुषांना हसायला किती कमी लागतं!

८ मार्च

दादा आता मला ‘प्रोफेसर’ म्हणतो. आईही हसली. ठीक आहे.

१० मार्च

पॉलिशच्या मशीनवरून भांडण. दादाला हवं जुनंच, एका दिशेने गरगर फिरणारं, जोरदार. मला हवं ड्युअल अ‍ॅक्शन. ते फिरतं आणि डोलतंही, त्यामुळे रंग एका जागी तापत नाही आणि नवशिक्याच्या हातूनही जळत नाही. दादा म्हणाला, आपण नवशिके आहोत का? मी म्हटलं, तू कायमचा आहेस.

भंगारवाल्याकडून एक काळं बॉनेट आणलं, आणि सामानाच्या दुकानातून माझ्या पसंतीचं मशीन दिवसापुरतं मागून आणलं. मधोमध चिकटपट्टी लावली. अर्धं त्याचं, अर्धं माझं. सावलीत दोन्ही सारखी. उन्हात नेली तर त्याच्या अर्ध्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे, माझा अर्धा भाग नितळ. आंधळ्यालाही दिसावं!

अप्पा उन्हात उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, दोन्ही चांगलं झालंय.

अप्पांवर रागवता येत नाही. पण कधी कधी वाटतं, या घरात मी एकटीच डोळे घेऊन जन्माला आले.

१२ मार्च

सगळं आलं! टेबलावर मांडून बघितलं, एखाद्या प्रयोगशाळेसारखं. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन. ओरखडे घासून घालवायची दोन कंपाउंड, एक जाड, एक बारीक. पॅड — एकही गुलाबी नाही. बिनशिवणीचे मायक्रोफायबरचे कपडे, रंगाला वेगळे, सीटला वेगळे. लेदरसाठी पाण्यात बनवलेला सौम्य क्लीनर, मऊ केसांचा ब्रश, आणि अजिबात न चमकणारं कंडिशनर. दुकानदार ते देताना खजील झाला होता. पुन्हा पुन्हा सांगत होता, मॅडम, याने चमक येणार नाही हं, नंतर तक्रार नको. मी म्हटलं, चमक नको म्हणूनच घेतेय. लोक हट्टी मुलांकडे बघतात तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

वहिनी सामान बघायला आली. म्हणाली, माझ्या लग्नात मला एवढी भांडी नव्हती मिळाली. ही घरातली एकटीच जरा बरं बोलते. दादाच्या वाट्याला कशी आली, कोण जाणे.

शायनरचा डबा फेकायचा होता. अप्पा म्हणाले, असू दे, टायरला लागेल. ठेवला, सगळ्यात वरच्या फळीवर.

१५ मार्च

गाडी आली. गडद निळी, आत फिकट क्रीम लेदर. म्हणजे एके काळी क्रीम असावं. आता चहाच्या गाळणीचा रंग. कंपनीचे साहेब, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांची मुलं, मुलांची बिस्किटं — सगळ्यांचा इतिहास त्या सीटच्या शिवणींत. माणसं एवढी महागडी वस्तू घेतात आणि तिच्यावर उष्टे हात पुसतात. आणि अडाणी म्हणायचं गाडी धुणाऱ्याला!

साहेबांनी अप्पांना फोनवर सांगितलंय, या एका गाडीवर ठरेल.

१७ मार्च

हात दुखतायत, पण काय काम झालंय!

सकाळी रंगाची जाडी मोजली, मगच मशीन लावलं. दादा सांगितलं तेवढं करत होता, पण प्रत्येक पावलाला टोमणा. “प्रोफेसर, श्वास घेऊ का, का त्यालाही वेगळा कपडा आहे?” वहिनी डबा घेऊन आली होती, ती हसून हसून खाली बसली. मलाही हसू येत होतं. आवरलं. याला एकदा हसून दाखवलं की डोक्यावर बसतो.

सीट मी एकटीने केल्या. क्लीनरचा फेस ब्रशवर घ्यायचा, थोड्या जागेत हलका फिरवायचा, तपकिरी फेस ओल्या कपड्याने टिपायचा, पुढची जागा. घाई नाही. शिवणींत लहान मुलांचा दात घासायचा ब्रश. दुपारनंतर खरा रंग वर आला — सायीसारखा. हात फिरवला तर माणसाच्या कातडीसारखं लागलं. कोरडं, मऊ, उबदार. मला रडू येईल की काय वाटलं, एका सीटसाठी!

दादा डोकावला. “फिक्या दिसतायत.”

मी म्हटलं, तोंडाला तेल थापलेली माणसंच तुला सुंदर दिसतात. वहिनी हसली, मग एकदम थांबली. दादा मशीनची वायर गुंडाळायला लागला.

बंद करायच्या वेळी अप्पा आले. दार उघडून आत बघत राहिले. म्हणाले, झालं का? मी म्हटलं, झालं. हे असंच राहणार? असंच. मान हलवली त्यांनी. दुकान मी बंद करतो म्हणाले, तू जा, दमलीस.

१९ मार्च

लिहिताना पेनाने कागद फाटला. रागाने.

साहेब सांगितलेल्या वेळेच्या आधीच आले. मी धावत पोचले तेव्हा अप्पा गाडीवरचं आच्छादन काढत होते, दादा नळाजवळ उभा होता. साहेबांनी आधी बाहेरून पाहिली. उन्हात नेऊन, वाकून, मोबाइलचा उजेड पाडून. समाधान दिसत होतं. मला विचारलं, मशीन कोणतं वापरलं? मला विचारलं, दादाला नाही! मी सांगितलं. ते म्हणाले, छान.

मग गाडीत बसले. फिकट पँट होती. बसल्या बसल्या थोडे घसरले. स्टिअरिंग धरून वळवलं तर हात सरकला. पुन्हा धरलं, पुन्हा सरकला. त्यांनी तळहात उलटा करून बघितला. बाहेर आले तेव्हा पँटच्या मागे तेलकट डाग.

“हे काय चोपडलंय?”

मी आत हात लावला. लिंबाचा तो खोटा वास. सीट आरशासारख्या. स्टिअरिंगसुद्धा. स्टिअरिंगला शायनर! गाडी वळवताना चाक हातातून निसटावं यासाठी?

आणि मी सगळ्यांसमोर बोलले. “हे माझं काम नाही. माझ्या भावाचं आहे. त्याला सांगून कळत नाही.”

दादाने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे कुठेतरी. म्हणाला, “हो. मी लावलं.”

साहेब म्हणाले, तुमच्या घरातलं तुम्ही बघा, उद्या एखाद्याच्या हातून स्टिअरिंग निसटलं तर जबाबदार मी. गाडी घेऊन गेले, सीटवर वर्तमानपत्र अंथरून.

ते गेल्यावर मी दादाला काय काय बोलले, सगळं आठवतंय आणि त्यातला एकही शब्द परत घ्यायचा नाही. जळका म्हटलं. बहिणीचं नाव व्हायला नको म्हणून अप्पांच्या पाठीवर पाय दिलास म्हटलं. अडाणी असणं तुझी हौस आहे म्हटलं.  त्याने ॲप्रन काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला.

अप्पांनी त्याला रागावलंही नाही. मुलगा ना शेवटी.

२० मार्च

दादा आणि वहिनी तिच्या भावाकडे राहायला गेले. वहिनी निघताना माझ्याशी बोलली नाही. म्हणजे तीही तसलीच.

२२ मार्च

आई मोजकं बोलते. अप्पा दुकानात येतात, बसतात, उठतात. एकाही गाडीला हात लावत नाहीत. मी बरोबर होते, हे सगळ्यांना कळलंय, पण ऐकायचं कुणालाच नाही. या घरात बरोबर असणं हा उद्धटपणा आहे.

शायनरचा डबा फेकला. बरं वाटलं.

२५ मार्च

साहेबांचा फोन!

बाहेरचं काम त्यांना विसरता आलं नाही म्हणे. कंपनीच्या माणसाने सीट पुसून घेतल्या तर खाली सुंदर लेदर निघालं. ते माझंच! सगळ्या गाड्या आमच्याकडेच देणार. एकच अट — तुमचा तो भाऊ आमच्या गाड्यांना हात लावणार नाही, दुकानातही दिसणार नाही. लेखी देणार का?

मी हो म्हटलं. लगेच. त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी.

एकदा तरी या धंद्यात नीट काम करणाऱ्याला काम मिळालं. ज्याला आपल्या अज्ञानाचा अभिमान आहे, त्याने दुसरीकडे टायर चमकवावेत. वाईट वाटतंय का म्हणून मी स्वतःला तपासलं. नाही वाटत.

अप्पांना उद्या सांगेन. कागदावर सह्या झाल्या की.

२६ मार्च

सह्या झाल्या. अप्पांना सांगितलं, अटीसकट.

ते हातातल्या कपड्याने तोच कोरडा हात पुसत राहिले. मग म्हणाले, “सीट फिक्या दिसत होत्या गं. वाटलं, साहेब तुला हसतील. मीच लावलं शायनर.” कपडा खाली ठेवून म्हणाले, “तो दारात उभा होता. दोनदा म्हणाला, अप्पा नको, तिने नको म्हटलंय.”